गेरूखाली लपलेलं लाल वर्तुळ

मंडळी, आज सकाळी चाकणच्या दवाखान्यात घडलेलं सांगते.

माझे मिस्टर कंपनीच्या ट्रेनिंगला जर्मनीला गेले होते. परतले ते मांडीवर मोठं लाल वर्तुळ घेऊन. सासूबाई म्हणाल्या, "नागीण हाय," आणि रोज गेरूचा लेप लावून वर स्वतःचा काढाही पाजू लागल्या. वाद नको म्हणून मी गप्प.

काल मिस्टरांना ताप चढला, म्हणून आज तिघं डॉक्टरांकडे गेलो. "तिकडे जंगलात फिरलात?" त्यांनी विचारलं. मिस्टर दर रविवारी फिरायचे. डॉक्टरांना गोचीड चावून होणाऱ्या लाइम आजाराचा संशय आला, पण गेरूमुळे खूणच दिसेना.

नर्सनं ओला कापूस आणला, तर सासूबाईंनी तो मागून घेतला. "मीच लावलंय, मीच पुसते."

वर्तुळ दिसलं. अँटिबायोटिक गोळ्या सुरू झाल्या.

"आन् माझा काढा?"

"गोळीच्या जागी नको. आणि त्यात काय घालता, ते आधी सांगा," डॉक्टर म्हणाले.

लग्नाला अकरा वर्षं झाली, मला कधी न सांगितलेला काढा त्यांनी डॉक्टरांना पानापानासकट सांगितला. कारण त्यांना आजवर कुणी विचारलंच नव्हतं. मीसुद्धा.

तुमच्या घरचे उपाय तुम्ही डॉक्टरांना सांगता, की माझ्यासारखे गप्प बसता?