शुभदाताईंच्या डोळ्यांना सोसेल असा मॉनिटर

किस्से कोणी मुद्दाम गोळा करत नाही हो! सहा माणसं रोज आठ तास एका खोलीत बसली की ते आपोआप साठतात. त्यात एकाचं दुखणं निघालं तर बघायलाच नको, उरलेले पाचही डॉक्टर होतात.

आमचं ड्रॉइंग सेक्शन लखनौला, चिनहटच्या एका कारखान्यात. मराठी अशा दोघीच, मी आणि शुभदाताई. ताई मूळच्या सांगलीच्या. अठरा वर्षं मशीनच्या पार्टची ड्रॉइंग काढतायत, आणि कामात एकदम पक्क्या. पण गेल्या वर्षीपासून स्क्रीनसमोर तासभर बसल्या की डोळ्यांतून धारा आणि कपाळात कळा! डॉक्टर म्हणाले, "डोळे चांगले आहेत, पण नाजूक आहेत. सोसेल असा मॉनिटर शोधा."

* * *

तोवर ताई काळा चष्मा लावून काम करायच्या. एकदा एक वयस्कर ग्राहक आले. जिन्यात ताई दिसल्या तसा त्यांनी अदबीनं हात धरला. "आराम से बहनजी, तीन सीढ़ियाँ और हैं," असं करत थेट कँटीनपर्यंत नेलं आणि चहा पाजला.

मी वैतागले. "अहो ताई, दिसतं म्हणून सांगायचं ना!"

"कसं सांगू गं? इतक्या मायेनं धरला होता हात. आणि चहाही बरा होता!"

* * *

आमचे साहेब तिवारीजी, मनानं अगदी सोनं. ताईंचा त्रास बघवेना म्हणून स्वतः जाऊन नवा मॉनिटर घेऊन आले. "सबसे चमकदार वाला लाया हूँ, मैडम!"

चालू केला आणि खोलीत जणू दिवाळीच! दोन मिनिटांत ताईंच्या गालांवरून पाणी. तिवारीजींना वाटलं, आनंदाश्रूच! "अरे मैडम, इसमें रोने की क्या बात है? ये तो हमारा फ़र्ज़ था!"

बिचाऱ्या ताई! आठ दिवस त्याच्यासमोर बसून रडल्या, पण तोंडातून ब्र नाही. शेवटी मीच जाऊन सांगितलं.

तिवारीजी इतके ओशाळले की दुसऱ्या दिवशी ताईंच्या बदलीची चिठ्ठीच लिहून बसले. सोमवारपासून स्टोअर, स्क्रीनच नको! त्यांच्या मते ही दयाच होती. ताई मात्र पार कोसळल्या. "वर्षा, अठरा वर्षं ड्रॉइंग काढली गं. आता नट-बोल्ट देत बसू?" मला इतकं वाईट वाटलं की त्या दिवशी डबा उघडला नाही. मग तिवारीजींना गाठून शनिवारपर्यंत मुदत मागून घेतली.

* * *

शुक्रवारी इंदिरा नगरच्या बाजारात गेलो. दुकानात वीस मॉनिटर, सगळे भगभगीत, सगळ्यांवर पोपट उडतायत! ताईंनी विचारलं, "भैया, सबसे मंद वाला कौन सा है?"

दुकानदार दुखावलाच. "मैडम, मंद माल हम रखते ही नहीं!"

ताईंच्या लेकीनं एक युक्ती शिकवून पाठवलं होतं. "मम्मी, सफ़ेद स्क्रीन के सामने पेन हिलाके देखना." एका पेनाची पाच-सहा पेनं दिसली तर स्क्रीन लुकलुकते आणि डोळे शिणतात, नुसता पुसट पट्टा दिसला तर चांगली. झालं! पदर खोचून ताई एकेका मॉनिटरसमोर पेन हलवत सुटल्या.

दुकानदारानं हळूच मला विचारलं, "नज़र उतार रही हैं क्या?"

मी काही बोलायच्या आत मागून एक आजोबा पुढे आले. "बिटिया, हमने भी एक लिया है. ज़रा उसकी भी उतार दीजिए!"

* * *

कोपऱ्यातला एक, बिनचकाकीचा, पेनाच्या परीक्षेत पास झाला. प्रकाश कमी केला तरी लुकलुकेना. शनिवारी दुकानदार स्वतःच तो ऑफिसात घेऊन आला, एक दिवस वापरून बघा म्हणाला आणि खोकं मांडीवर घेऊन निकालाची वाट बघत बसला. तिवारीजी चिठ्ठी खिशात घालून शेजारी उभे.

दहाला ताई बसल्या. अकरा वाजले. बारा वाजले. कोणी टाइप करेना, सगळे ताईंच्या डोळ्यांकडे बघतायत. मला तर देवच आठवले!

एक वाजता ताई वळल्या. डोळे कोरडे ठणठणीत.

"सर, ये जो ड्रॉइंग सोमवार को मशीन पे जाने वाला है ना, इसमें छेद छह चाहिए. पाँच ही हैं."

तिवारीजी वाकले. बोटानं भोकं मोजली. पुन्हा मोजली. खाली 'तपासले' म्हणून त्यांचीच सही.

त्यांनी खिशातली चिठ्ठी काढली, फाडली, आणि दुकानदाराकडे वळले.

"भैया, ऐसा एक और ले आइए. हमारे लिए."