साडूंचे टक्कल आणि मिरचीची रोपे

उन्हाला समज देऊन शेती करणारा जालना जिल्ह्यातला एकमेव माणूस म्हणजे आमचे साडू. तीर्थपुरीच्या बाजारात त्यांची कथा आजही रंगवून सांगतात. मात्र सांगणाऱ्यांपैकी एकही जण त्या दिवशी तिथे नव्हता. मी होतो. कथा अशी की, दोन साडूंना खूळ लागले आणि त्यांनी मिळून मिरचीची रोपे उकडून काढली. हे साफ खोटे आहे. खूळ कुणालाही लागले नव्हते.

नव्वदीच्या दशकात साडूंनी बांबू आणि प्लास्टिकचे हरितगृह उभारले, तेव्हा बियाणेवाल्या दुकानदाराने त्यांना एक थर्मामीटर दिला. साडूंनी तो गोठ्यात टांगला. "काचेच्या नळीला काय कळतंय? तिला कधी ऊन लागलंय का?" त्यांची रीत निराळी होती. दर शनिवारी डोके तासून घ्यायचे आणि रोपांच्या मधोमध उघड्या टकलाने बसायचे. टाळूला चटका बसला की बाजूचे पडदे गुंडाळायचे, सुखावली की सोडायचे. "बाई, मी नवरा न्हाई केला, थर्मामीटर केला," असे माझी मेहुणी माझ्या पत्नीला सांगे. पण तीन वर्षांत एकही रोप करपले नाही, हे मात्र बाजारात कुणी सांगत नाही.

चौथ्या वर्षी निम्म्या गावाची लागवड त्यांच्या रोपांवर अवलंबून होती. वैशाखातल्या एका दुपारी मी आत शिरलो, तर साडू घोंगडी पांघरून कुडकुडत बसलेले.

"साडूभाऊ, पडदे सोडा. गारठा शिरून राह्यलाय."

"अहो, भट्टी झालीय इथं!"

"तुमच्या डोक्यावर केस हाएत. तुमाला बिलकुल कळायचं न्हाई."

वादात मी कुणाला हार गेलेलो नाही. परंतु हे तीन वर्षे न चुकलेले डोके होते. मी पडदे सोडले. होय, मीच. भिऊन सोडले असे म्हणतात, तेही खोटे. विचार करून सोडले. तो विचार कोणता, हे मात्र मला अजून नीट जुळवता आलेले नाही. माझा सदरा घामाने चिंब होता, आणि तरीही थंडीच खरी असावी, असे काहीसे वाटत होते.

बऱ्याच वेळाने मेहुणी चहा घेऊन आली. तिने साडूंच्या कपाळाला हात लावला आणि ओरडली, "अवं, तापानं फणफणून राह्यले की हे! आन् तुमी पडदे काय सोडता, भावजी?" आम्ही पडदे गुंडाळले, झारीने पाणी घातले; पण रोपांनी माना टाकल्या होत्या, त्या पुन्हा उचलल्या नाहीत.

चौथ्या दिवशी साडू काठी टेकत वाळल्या वाफ्यांपाशी आले. त्यांनी मला दोष दिला असता, तर माझे उत्तर तयार होते. त्यांनी दिला नाही. उरलेले बी स्वतःच्या हाताने टाकले, मातीने झाकले आणि माझ्याकडे न पाहता हळूच म्हणाले, "साडूभाऊ, पडदे सोडू का गुंडाळू? तुमाला काय वाटतं?"

त्यांनी आयुष्यात कधी कुणाचे मत विचारले नव्हते. साऱ्या बाजाराला उत्तरे देणाऱ्या मी पडद्याची दोरी त्यांच्या हातात ठेवली.

"तुम्ही म्हणाल तसं," एवढेच मी म्हणालो.