मिटल्या डोळ्यांचा हरण्या

अंथुर्ण्याच्या सारजाला तीन वर्षांची असताना देवी आल्या. ताप उतरला, फोड वाळले, पण डोळे गेले ते गेलेच. आईबापांनी नवस बोलले, अंगारे लावले आणि शेवटी तिला गोठ्यातली कामं शिकवली. वैरण टाकायची, शेण भरायचं, बैलांना पाणी दाखवायचं. पंचेचाळिशीला आली तरी तिचा दिवस गोठ्यातच उजाडत होता. लग्न झालं नाही. धाकटा भाऊ आबासाहेब उसाच्या बैलगाडीवर असे, त्याच्याच घरी ती राही. कुणी ओट्यावर बसून "बिचारी" म्हणालं, की ती आतून भांडी जरा जास्तच आपटायची.

बेंदूर जवळ आला की सारजा पाटाच्या कडेचा गाळ आणून मातीचे बैल करी. आळीतल्या निम्म्या घरांत पूजेला तिचेच बैल असत. बाजारातले बैल एका साच्यातले, सगळे सारखे. हिचा प्रत्येक बैल गावातल्या एखाद्या खऱ्या बैलावरून उतरलेला. वशिंड कुणाचं कुठे कलतं, शिंगाला कुठे पीळ आहे, हे तिच्या हाताला पाठ होतं.

त्र्याण्णव साली आबासाहेबाचा हरण्या बैल गेला. बारा गळीत हंगाम त्यानं माळेगावच्या कारखान्याला ऊस ओढला होता. सारजानं महिनाभर मातीला हात लावला नाही. मग एक दिवस हातभर लांबीचा हरण्या घडवायला बसली. अंगावरचे केस बाभळीच्या काट्यानं एकेक ओढले. जू घासून खांद्यावर पडलेला घट्टा केला, पोटाखालची सैल कातडी केली. सगळ्याला दीड महिना लागला.

"वन्सं, माझा मालक तापानं पडला तवा एवढं बसला न्हाईसा त्याच्यापाशी," भावजय रंगुबाई म्हणाली.

"मालक तुझा हाय. तू बस. बैल माझा व्हता."

कुंभाराच्या आव्यातून हरण्या भाजून आला तेव्हा मात्र रंगुबाईनंच त्याच्यापुढे उदबत्ती लावली.

गावच्या शाळेतल्या तेजश्रीबाईंनी तो पाहिला आणि पुढच्या वर्षी बारामतीच्या एका मंडळाच्या हस्तकला प्रदर्शनात ठेवायला नेला. तीन दिवसांचं प्रदर्शन मार्गशीर्षातल्या गुरुवारी सुरू होणार होतं. सारजाचा उपास होता. सकाळी देवीपुढे दिवा लावून ती तेजश्रीबाईंबरोबर एस.टी.नं निघाली. आयुष्यात पहिल्यांदा तिची वस्तू गावाबाहेर मांडली जाणार होती. तिला एवढंच हवं होतं, की लोकांनी हरण्या ओळखावा.

हॉलमध्ये शिरल्या शिरल्या तिला ऑइल पेंटचा वास आला. टेबलापाशी नेल्यावर तिनं सवयीनं हरण्याच्या पाठीवर हात ठेवला आणि झटकन मागे घेतला. हात चिकट झाला होता. पुन्हा ठेवला. केस लागेनात. खांद्यावर घट्टा लागेना. सगळं अंग ताटासारखं गुळगुळीत.

"ह्यो कुणाचा बैल?"

मंडळाचे चिटणीस आप्पासाहेब पुढे आले. माणूस वाईट नव्हता, कामाच्या धांदलीत होता. "तुमचाच आहे, सारजाबाई. नुसती तांबडी माती उठून दिसत नव्हती. काल पेंटर बोलावून रंगवून घेतला. पांढराशुभ्र, शिंगं हिरवी. बेंदराचा बैल शोभतोय आता."

सारजाचा हात तोंडापर्यंत गेला होता. बोटं डोळ्यांवर थांबली. पापण्यांवर जाड थर होता.

"डोळ्यावर काय थापलंय?"

"डोळे काढलेत. तुमच्याकडून राहिले होते ना."

"राहिले न्हवते. मिटलेले व्हते."

"हो, पण झोपलेला बैल प्रदर्शनात कसा मांडायचा?"

"झोपल्याला न्हाय त्यो." सारजाचा आवाज चढला नाही, पण शेजारच्या टेबलावर भरतकाम लावणाऱ्या बायका थांबल्या. "डोळ्यापाशी हात नेला की बैल डोळा मिटतो. चाळीस वर्सं मी बैलं धुतीया, एकानं बी उघडा डोळा माझ्या हाताला दिला न्हाय. माझा बैल असाच हाय. तुमी कवा बैलाच्या तोंडावरनं हात फिरवलाय का?"

आप्पासाहेबांनी फिरवला नव्हता. त्यांनी घड्याळ पाहिलं.

"बाई, टेबलावर पाटी काय हाय?" सारजानं विचारलं.

तेजश्रीबाई चाचरल्या. "कृपया हात लावू नये, असं आहे."

"मग माझ्यासारखीनं ह्यो बैल कशानं बघायचा?"

"सगळ्या वस्तूंना तोच नियम आहे," आप्पासाहेब म्हणाले. "हात लागून लागून खराब होतात."

"आमच्या लक्ष्मीआईच्या पायाला हात लागून लागून दगडाला खळगा पडलाय. आईचं काय खराब झालं? रॉकेल हाय का?"

"कशाला?"

"रंग काढाया. न्हाईतर माझं नाव काढा हितनं आन् ह्यो बैल पेंटरच्या नावानं मांडा."

पाहुणे अकरा वाजता येणार होते आणि निमंत्रणपत्रिकेत सारजाचं नाव छापलेलं होतं. हॉलच्या रखवालदारानं स्टोव्हचं रॉकेल बाटलीत आणून दिलं. सारजानं पदर खोचला, भिंतीला टेकून फरशीवर बसली आणि हरण्याला मांडीवर घेतलं. रंग अजून ओला होता, तेवढं देवानं बरं केलं होतं. चिंधीनं पुसायचं, केसातली पिन काढून एकेक रेघ उकरायची. सगळीकडे रॉकेलचा वास सुटला. तेजश्रीबाईंनी मदतीला हात पुढे केला तर म्हणाली, "तुमी ऱ्हाऊ द्या बाई, तुमी बघून पुसाल."

उद्घाटन झालं, भाषणं झाली, टाळ्या वाजल्या. ती पुसतच होती. पाहुणे तिला वळसा घालून गेले. दुपारी तिनं शेंगदाण्याचा लाडू खाल्ला, पाणी प्यायली, आणि चारच्या सुमाराला हरण्या टेबलावर ठेवला. कानांत आणि खुरांच्या फटीत पांढरं राहिलंच होतं. पाटी तिनं चाचपून उचलली आणि पालथी घातली. आप्पासाहेबांनी ते पाहिलं. "मोडतोड झाली तर मंडळ जबाबदार नाही," एवढं बोलून ते निघून गेले.

लोक हात लावायला धजेनात. वर्षानुवर्षांची सवय, हात पाठीमागे बांधून बघायची. सारजा म्हणायची, "लावा, चावत न्हाय." बायका हसायच्या, बोटाचं टोक टेकवून पुढे जायच्या.

माळेगावचा भिमा नावाचा गाडीवान कारभारणीच्या गोधड्या घेऊन आला होता. त्यानं मात्र बैल विकत घ्यायला आल्यासारखा हात टाकला. पाठ, वशिंड, मान. खांद्यावर थांबला.

"आक्का, ह्यो उजवीकडं जुपायचा बैल का?"

"व्हय."

"घट्टा एकाच अंगाला दाबलाय म्हणून म्हणलं. जोडीदार उंच आसंल ह्याचा."

"चार बोटं उंच व्हता," सारजा म्हणाली. भिमानं डोळ्यांवरून हात फिरवला आणि डोळ्यांबद्दल काहीच विचारलं नाही.

त्याचं बघून गर्दी झाली. दुसऱ्या दिवशी तर आळीपाळीनं माणसं येऊ लागली. मोतीबिंदू झालेल्या एका आजींनी हरण्या चक्क कुशीत घेतला आणि आपल्या घरच्या बैलाचं नाव सांगितलं. तिसऱ्या दिवशी दुपारी कुणाच्या तरी बांगडीत अडकून डावं शिंग मोडलं.

आप्पासाहेब धावत आले. त्यांच्या चेहऱ्यावर दुःख होतं आणि थोडं समाधानही. "मी सांगत होतो, सारजाबाई. हात लागले की हे व्हायचंच. आता पुण्याहून परीक्षक येतायत. तेवढा काढून आत ठेवूया."

सारजानं मोडकं शिंग चाचपलं. एका बाजूचा कान घासून बोथट झाला होता. पाठीवरचे केस मधोमध पुसट झाले होते, माणसांचे हात गेले त्या वाटेनं.

"किती वाजलं?"

"सव्वातीन."

"परदर्शन कितीपतोर हाय?"

"पाचपर्यंत."

"मग ऱ्हाऊ द्या हितंच," ती म्हणाली. मोडकं शिंग तिनं हरण्याच्या पायाशी ठेवलं, स्टूल टेबलाला लावलं आणि बसली. "परीक्षकास्नी बी सांगा, आदी हात धुवून या."