विहिरीच्या खटल्याची नक्कल

थोरल्या भावाची सरकारी नोकरी ठरली, आणि चौकशीत गावाकडून कुणीतरी कळवलं की याच्या बापाला एकदा अटक झाली होती. नेमणूक अडकली. बाबा निर्दोष सुटले होते, पण तसा कागद घरात नव्हता. मग मी कॉलेज बुडवून आईबरोबर नाशिकच्या कोर्टात गेले. बाबा आले नाहीत. त्या खटल्याबद्दल ते कधी चकार शब्द काढत नसत.

रेकॉर्ड रूम मला आवडून गेली, खोटं कशाला बोलू? उंच खिडकीतून ऊन तिरपं उतरत होतं, लाल फडक्यांत बांधलेली गाठोडी छतापर्यंत झोपली होती, आणि येणारा प्रत्येक जण आपोआप हळू बोलत होता. कारकुनाने खटल्याचं साल विचारलं. आई म्हणाली, सिन्नरकडं बाजरी कणसात आली होती आणि धाकटी पोटात होती. कारकून माझ्याकडे बघत राहिला. आमच्या आईचं कॅलेंडर असंच, त्यात आकडे नाहीतच. ती मात्र पंख्याखाली डोळे मिटून ते शेत बघत होती. बघता बघता मलाही कणसांवरची पाखरं दिसायला लागली.

धाकट्या बहिणीच्या शाळेच्या दाखल्यावरून साल काढलं. पण गुरुजींनी आम्हा सगळ्या भावंडांना अंदाजाने एक जूनला जन्माला घातलेलं, त्यामुळे आधी भलत्याच सालाची गाठोडी सुटली. बरेच हेलपाटे घातल्यावर निकालाची शिक्का मारलेली नक्कल हातात पडली.

संध्याकाळी ती बाबांना वाचून दाखवली. गावच्या विहिरीवर आमच्या लोकांना मज्जाव होता. तिथे बाबांनी पाणी काढलं आणि त्यावरून मारामारी केली, असा आरोप होता. त्यांच्या वकिलांनी सांगितलं होतं की हा माणूस त्या दिवशी विहिरीवर गेलाच नव्हता. कोर्टाला ते पटलं, म्हणून सुटका. ऐकताना भावाचा चेहरा उजळला. मलाही अंगावरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं.

बाबा मात्र दाराबाहेर बघत होते. मग भावाला म्हणाले, "लय चांगलं झालं. उद्याच नेऊन दे सायबाला."

कागदाला त्यांनी हातही लावला नाही. थोड्या वेळाने माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "पण मी गेलो व्हतो, पोरी. माझ्या हातानं पोहरा वढला. पोटभर पाणी प्यालो."