अजून कान नाही झाला

ती उजव्या हाताने गोळा दाबायची आणि डाव्या हाताने माझ्या कानाची पाळी. दोन्ही एकदम, मऊपणा सारखा लागतो का ते बघायला. मग डोळे बारीक करून सांगायची, "अजून कान नाही झाला. मळ." दिवसातून चारदा तरी. माझे कान कायम पिठीसाखरेने पांढरे आणि चिकट, आणि मी तशीच काउंटरवर उभी. एकदा एक साहेब केक न्यायला आले, तर माझ्या कानावरून मुंगी चालली होती. त्यांनीच सांगितलं.

"मावशी, स्वतःचा कान धर ना," मी चिडून म्हणायची.

"माह्या कानाचं काय उरलं वं?" ती पदर बाजूला करून दाखवायची. जड बाळ्या घालून घालून तिच्या दोन्ही पाळ्या फाटल्या होत्या, वाळलेल्या मोहफुलांसारख्या दिसायच्या.

आता माझे कान स्वच्छ असतात. पण ते नंतर.

देवरीला बसस्टँडच्या मागे माझं केकचं छोटं दुकान आहे. नागपूरला तीन दिवसांचा क्लास करून मी ते उघडलं. तुम्ही कधी फॉन्डंट मळलंय का? केकवर चादरीसारखं पांघरायचं साखरेचं पीठ असतं ते. मार्शमेलो वितळवायचे, पिठीसाखर घालायची, हाताला वनस्पती तूप चोळून मळायचं. वहीत एवढंच लिहिलेलं आहे. प्रत्यक्षात थंडीत ते केकच्या कडेवर तडकतं आणि उन्हाळ्यात बोटांना डिंकासारखं बसतं. क्लासच्या मॅडम म्हणाल्या होत्या, ग्लिसरीनचे चार थेंब घाला. मी चार घातले, चाळीस घातले.

अशाच एका सकाळी मी त्या गोळ्याशी झटत होते आणि ही बाई काउंटरपलीकडून बघत होती. हायवेपलीकडच्या वस्तीत राहायची. लग्नाकार्यात पालथ्या मडक्यावर लांबपोळ्या करायची. पंचक्रोशीत तिच्यासारखी पोळी कोणाची नाही, हे मला नंतर कळलं. तेव्हा ती एवढंच म्हणाली, "त्याले मारून कायले राहिली? दुश्मन आहे का तुहा?" आणि सरळ आत आली, हात धुतले, गोळा माझ्याकडून ओढून घेतला. ताणायची, दुमडायची, परातीत आपटायची, पुन्हा ताणायची. पंधरा मिनिटांनी माझा कान धरला आणि म्हणाली, "आता झाला." लाटलं तर कडेला एक भेग नाही.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता "जयभीम" म्हणत दारात हजर. मी बोलावलं नव्हतं. तिने स्वतःच स्वतःला कामावर ठेवलं होतं.

त्यानंतरचा वैताग काय सांगू तुम्हाला. मी वही घेऊन विचारायची, "किती साखर घातलीस?"

"बसली तेवढी."

"किती वेळ मळलंस?"

"कान होतपर्यंत."

माझ्या वहीत ते पान अजून आहे: साखर, बसली तेवढी. मी हौसेने घेतलेल्या वजनकाट्यावर ती चष्मा ठेवायची. हातमोजे दिले तर म्हणाली, "मोजे घालून कोणी लेकराले न्हाऊ घालते का?" मी म्हटलं, हे लेकरू नाही. तिला ते पटलं नाही.

आणि मग जयंतीचा केक आला. एप्रिलात वस्तीत जयंतीला मोठा निळा केक कापतात, आणि पहिल्यांदाच तो मला सांगितला होता, तिच्यामुळे. "यंदा केक माह्या हातचा येऊन राहिला," असं ती घरोघर सांगून आली होती. वर उघडं पुस्तक ठेवायचं होतं, तेही साखरेचंच. आदल्या सकाळी आम्ही चार किलो निळं फॉन्डंट मळलं, मी ते प्लास्टिकमध्ये गच्च गुंडाळलं आणि खोके आणायला गोंदियाची बस धरली.

परत आले तर टेबलावरून निळा पाक खाली गळत होता. हिने प्लास्टिक काढून टाकलं होतं, गोळ्यावर ओलं धोतर झाकलं होतं आणि समोर कूलर लावून दिला होता. लांबपोळीची कणीक तशीच ठेवतात ना. पण ही साखर. पाण्याने विरघळणार नाही तर काय होणार?

"सुकून जाईन म्हणून झाकलं," ती म्हणाली.

दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती. मी त्यांच्यासमोर बोलले, "ही कणीक नाहीये, मावशी. तुला यातलं काही कळत नाही. तू आपल्या पोळ्याच कर, जा."

तिने कूलर बंद केला, पदर खोचला, परात घेऊन जमिनीवर बसली. थोडी साखर, थोडं तूप, आणि मळणं. तीन तास. त्या दिवशी तिने माझ्या कानाला हात लावला नाही. स्वतःच ठरवलं, झालं म्हणून. केक वस्तीत गेला, लोकांनी फोटो काढले, पुस्तकाच्या पानालासुद्धा भेग नव्हती.

माफी मागायची असं मी रात्रभर ठरवलं होतं. सकाळी आठला ती आली तेव्हा "चहा घे" एवढंच म्हणाले. पुढे दहा महिने रोज तेवढंच म्हणत राहिले. मी आहेच तशी.

पुढच्या फेब्रुवारीत तिला लकवा मारला. उजवं अंग गेलं. एप्रिल आला, वस्तीतल्या मंडळाचा निरोप आला की यंदाही केक मावशीच्याच हातचा पाहिजे. ती अंथरुणाला खिळली आहे हे त्यांनाही माहीत होतं, पण नाही कसं म्हणणार? मी तीनदा फॉन्डंट केलं, तिन्हीदा कडेला फाटलं. शेवटी जयंतीच्या आदल्या सकाळी चौथा गोळा डब्यात घालून तिच्या घरी गेले.

ती बाजेवर पडून होती. मी गोळा तिच्या डाव्या हातात दिला. तिने दाबला, बाजूला ठेवला, मग तोच हात माझ्या कानाकडे आणला. एकच हात चालत होता, त्यामुळे आधी गोळा, मग कान. तिला ते आवडलं नाही, चेहऱ्यावर दिसत होतं. जड जिभेने म्हणाली, "नाही झाला. मळ."

असा संताप आला. आजारी माणसावर चिडू नये म्हणतात, मी चिडले. तिच्या उशाशी परात घेऊन बसले आणि मळलं. पुन्हा गोळा, पुन्हा कान. "नाही." हात भरून आले, घाम परातीत पडू नये म्हणून मान वळवून मळत होते. किती वेळ ते सांगता येणार नाही. घड्याळाकडे बघायचं मी विसरले होते.

तिसऱ्या वेळी तिने गोळा दाबला आणि बराच वेळ हातातच ठेवला. मग माझा कान धरला. या वेळी नुसता धरला नाही, पिळला. चांगला करकचून.

"मावशी, दुखतंय ना."

"दुखू दे," ती म्हणाली. "मागल्या साली लय बोलली होतीस."

"चुकलं माझं," मी म्हटलं. एका वर्षानंतर.

तिने कान सोडला. "झाला," म्हणाली. "जा आता. जयंतीले उशीर नको करू."

केकला कुठेच भेग गेली नाही. पावसाळ्यात मावशी गेली. तिने कान पिळला त्या दिवशी मात्र मी वस्तीतून तो न पुसता तशीच चालत दुकानात आले, आणि माझा कान संध्याकाळपर्यंत लाल होता.