मुठीचा डबा

रमजान ईदनंतरच्या नवव्या दिवशी, दुपारी बाराच्या सुमारास, अम्मी स्वयंपाकघरात पडली. टाळेबंदीचं पहिलं वर्ष होतं. त्या वेळी घरात तांदळाचा दाणा नव्हता, असं म्हणता येणार नाही. फळीवर पत्र्याच्या डब्यात चार किलोच्या आसपास तांदूळ होता. तो आमचा नव्हता.

आमच्या घरी भात रांधायच्या आधी, धुवायला घेतलेल्या तांदळातली एक मूठ काढून या डब्यात टाकतात. ही मूठ देवाची. महिन्याच्या शेवटी मशिदीतर्फे एक म्हातारे चाचा सायकलला पोतं बांधून येतात, घरोघरचे डबे त्यात रिकामे करतात आणि तो तांदूळ गरजू घरांत वाटला जातो. अम्मीच्या माहेरीही असाच डबा होता. लहानपणी मी एकदा त्यातले दाणे काढून चघळले, तेव्हा तिने मला मारलं नाही. त्या दिवशी मला भात वाढला नाही, एवढंच. "तुह्यं खाऊन झालं," म्हणाली.

घरात आमची बोली हिंदी आणि या भागातली झाडीबोली मिळून झालेली. इथे ती झाडीतच लिहितो.

अब्बा वडशात, आमच्या गावी, नाटकाचे कपडे शिवतात. दिवाळीपासून होळीपर्यंत इथल्या नाटक कंपन्या गावोगाव फिरतात. राजाचा अंगरखा, खलनायकाचा कोट, नाचणारीचा घागरा, सगळं आमच्या ओसरीवरच्या मशीनवर तयार होतं. हंगाम संपला की अब्बा हाताशी आलेल्या पैशातून नागपूरहून पुढच्या वर्षीची मखमल आणून ठेवतात, कारण तेव्हा ती स्वस्त मिळते. त्या वर्षीही आणली. आठवडाभराने सगळं बंद झालं. मखमलीचे चार तागे कपाटावर राहिले.

मी चंद्रपूरला एका वर्तमानपत्रात जिल्ह्याचं पान लावायचो. एप्रिलमध्ये ते पान बंद झालं. मला घरी राहायला सांगण्यात आलं, म्हणून पेपरच्या गाडीने वडशाला आलो. पगार पुन्हा कधी सुरू होईल, ते सांगण्यात आलं नाही.

राशनच्या मोफत तांदळाच्या यादीत आमचं नाव नव्हतं. यात कोणाची चूक नव्हती. काही वर्षांपूर्वी घरोघरी माहिती घेणारे आले, तेव्हा त्यांनी अम्मीला विचारलं होतं, घरात कोणी नोकरीला आहे का? अम्मीने त्यांना आत बोलावलं, चहा दिला आणि सांगितलं, "माहा पोरगा पेपरात साहेब हाये." मी तेव्हा उमेदवारी करत होतो. त्यांनी लिहून घेतलं.

शेजारच्या मावशी बौद्ध घरातल्या. शेतावर मजुरी करतात. त्यांचं नाव यादीत होतं. अम्मी त्यांना बाई म्हणते, त्या अम्मीला भाभी म्हणतात. दोघींच्या मध्ये कमरेइतकी भिंत आहे आणि दिवसभराचं बोलणं त्या भिंतीवरून होतं.

रमजान टाळेबंदीतच सुरू झाला. रमजानमध्ये कोणाचा रोजा आहे आणि कोणाच्या घरी काही नाही, हे बाहेरून ओळखता येत नाही. दिवसा चूल पेटत नव्हती, त्याचं कोणाला काही वाटलं नाही. चाचांचं येणं बंद होतं. अम्मी मूठ टाकतच होती. आमच्या तांदळाची कोठी खाली जात होती आणि फळीवरचा डबा भरत होता.

"देवाचं साठून राह्यलं, आन् आपलं सरून राह्यलं," मी एकदा म्हणालो.

"त्याच्या दाराले कुलूप नाई लागत," अम्मी म्हणाली.

"देईल कवा पण?"

"तो पेपरात छापून देत नाई, कवा देईल ते."

अब्बांनी त्या महिन्यात मखमलीचे मास्क शिवले. तांबडे, जरीची किनार असलेले. भिंतीवरून त्यांनी एक मावशींना दिला. मावशींनी तो लावून पाहिला आणि लगेच काढला.

"भाऊ, श्वास नाई घेता येत याच्यात. आन् वावरात निघाली तं लोकं म्हणतील, राणी सरकार निंदणाले आल्या."

अब्बा हसले. एकही मास्क विकला गेला नाही.

ईद झाली. शेवया झाल्या, दूध नव्हतं म्हणून पाण्यात. ईदच्या दुसऱ्या दिवसापासून अम्मीने शव्वाल महिन्याचे सहा रोजे धरले. हे रोजे ऐच्छिक असतात. अम्मी दर वर्षी धरते, त्यामुळे त्यात नवीन काही नव्हतं. तिसऱ्या दिवशी कोठीतला तांदूळ संपला. शेवटचं माप तिने सुपात ओतलं, त्यातली एक मूठ उचलली आणि डब्यात टाकली. मी तिथेच उभा होतो.

"आज तं राहू दे," मी म्हणालो.

"काऊन? आज खाणार नाई का आपण? खाऊन राह्यलो, तवरी टाकाव लागते."

त्यानंतर घरात थोडी कणीक आणि तुरीची डाळ उरली. अम्मी संध्याकाळी चार पोळ्या करायची. दोन अब्बांच्या, दोन माझ्या. "मी चूल फुंकता फुंकता खाल्ली," म्हणायची. पहाटे मी उठत नव्हतो, त्यामुळे सहरीला ती काय खायची, हे मला माहीत नव्हतं.

वडशात भाताच्या गिरण्या आहेत. त्या चालू होत्या. सकाळी वारा आला की कोंड्याचा वास घरात यायचा.

चौथ्या दिवशी मी गच्चीवर जाऊन मौलानांना फोन केला. घरातल्या कोणालाही न सांगता. डब्याबद्दलचा मसला, म्हणजे धर्माचा नियम काय सांगतो ते, विचारलं. ते म्हणाले, मूठ गरजूंसाठी असते. घरच गरजू असेल तर त्या घराने खावं, त्यात गुन्हा नाही. मी दोनदा विचारून खात्री केली. पेपरातली सवय तशीच होती. मग खाली येऊन अम्मीला सांगितलं.

फळी पुसणारा तिचा हात थांबला.

"मौलानाले तू सांगतलं? आपल्या घरी तांदूळ नाई म्हणून?"

"मसला विचारला फक्त."

"मसला विचारला." तिने हातातलं फडकं झटकलं. "गरजू कोण, हे ठरवाचं कोणं? मी? माह्याच घरात, माह्याच डब्यासाठी, मीच गरजू? असं तं सारेच ठरवतील."

"मग कोण ठरवणार?"

"ज्याचा हाये तो."

अब्बा ओसरीवर मशीनला तेल घालत होते. ते आत आले नाहीत.

सहावा रोजा झाला. सातव्या दिवशी सकाळी मी चहा दिला, तेव्हा अम्मी म्हणाली, "रोजा हाये." मी चहा परत नेला. आठव्या दिवशीही ती तेच म्हणाली. रोजे सहा असतात, हे मला माहीत होतं. मी मोजलेही होते. विचारलं नाही. विचारलं असतं तर तिला उत्तर द्यावं लागलं असतं, आणि त्या उत्तरावर करण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

नवव्या दिवशी ती पडली.

भांडं पडल्याचा आवाज आला, म्हणून मी आत गेलो. ती भिंतीला टेकून अर्धवट बसलेली होती, डोळे उघडे. अब्बांनी तिचं डोकं धरलं. मावशी भिंत ओलांडून आल्या. त्यांनी आणि मी तिला उचलून बाजेवर ठेवलं.

"भाभी, काहीच वजन नाई राह्यलं तुमच्यात," मावशी म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "साखर आण पाण्यात. माह्या घरून आण, तुह्या घरी पाहू नको."

मी साखरपाणी आणलं. अम्मीने तोंड फिरवलं.

"रोजा हाये."

"कोणता?" मावशींनी विचारलं. "सहा झाले तुमचे. मीबी मोजून राह्यली भिंतीच्या इकडून. हा नववा."

अम्मीने डोळे मिटले.

"भाभी, आम्ही देव सोडला, पण भूक नाई सोडली. तुमचं उलटंच होऊन राह्यलं. प्या."

ती पाणी प्यायली. मावशी घरी गेल्या आणि तांदळाची पेज घेऊन आल्या. मिठाची, पातळ. अम्मीने वाटीकडे पाहिलं.

"हा तुमच्या लेकरायचा राशन हाये, बाई."

"पाच तोंडात सहावं. प्या."

"त्यानंच पाठवलं तुमाले," अम्मी म्हणाली. आवाज अगदी बारीक होता.

"मले कोणं नाई पाठवलं. मले माह्या पोरीनं सांगतलं, भाभी पडली म्हणून."

"आन् तुमच्या पोरीले?"

"तिले आवाज आला भांड्याचा," मावशी म्हणाल्या. "आता तुमच्यासंग कोण बोलत बसन? प्या."

अम्मीने पेज संपवली. त्या दुपारी मावशींनी फळीवरचा डबा पाहिला आणि एक तोड सुचवली. डबा त्यांनी न्यावा आणि त्यांच्या घरचा तेवढाच तांदूळ आम्हाला द्यावा. देवाचा तांदूळ देवाच्या कामी लागला, आमचाही प्रश्न सुटला.

"देवासंग अदलाबदली नाई करत," अम्मी म्हणाली.

"मंग मरा तत्त्वानं," मावशी म्हणाल्या आणि वाटी घेऊन गेल्या. संध्याकाळी त्यांनी भिंतीवर तिघांपुरता भात ठेवला. झाकून, न बोलता. तो आम्ही तिघांनी खाल्ला.

दहाव्या दिवशी सकाळी अम्मी पुन्हा म्हणाली, रोजा आहे. अब्बांनी या सगळ्या काळात पहिल्यांदा विचारलं.

"आज कायचा?"

"कालचा तुटला ना? त्याचा."

तुटलेला रोजा पुन्हा धरावा लागतो, हे खरं आहे. अब्बा ओसरीवर गेले आणि त्यांनी मशीनवर कापड अंथरलं. शिवायला काही नव्हतं. मी घरातले सगळे डबे उघडून पाहिले. कणीक दोन दिवसांची होती. फळीवरच्या डब्याला मी हात लावला, तेव्हा अम्मीने बाजेवरून पाहिलं. मी हात काढून घेतला.

अकराव्या दिवशी गावात सायकल फिरवायला मोकळीक मिळाली. त्याच दिवशी दुपारी चाचा आले. तोंडाला गमछा, सायकलला पोतं. अम्मी भिंतीला धरत उठली, फळीवरून तिने स्वतः डबा काढला आणि दारात नेला. चाचांनी झाकण उघडलं.

"मायबाप! यवढा? लय घरी तं मूठच बंद झाली."

"तीन महिन्यांचा हाये," अम्मी म्हणाली.

चाचांनी डबा पोत्यात उलटा केला, बुडावर दोन थापा मारल्या आणि परत दिला. मी दारातच उभा होतो. मी त्यांना काही सांगितलं नाही. सायकल चौकापर्यंत जाताना दिसली.

त्या दिवशी फळीवर रिकामा डबा होता आणि कोठीही रिकामी होती. अम्मीचा बारावा दिवसही रोज्यातच गेला. त्या दिवसाचं कारण तिने सांगितलं नाही आणि अब्बांनी विचारलं नाही. मावशींचा भात संध्याकाळी भिंतीवर आला. अम्मीने तो दोन ताटांत वाढला.

तेराव्या दिवशी, सकाळी दहा वाजता, चाचा परत आले. सायकलला कापडी पिशवी होती. त्यांनी ती दारात ठेवली.

"कोणाची?" अम्मीने विचारलं.

"तुमची. यादीत नाव हाये."

"कोणं लिवलं?"

"मौलाना सायबांनी लिवलं."

अम्मीने माझ्याकडे पाहिलं. मी फक्त मसला विचारला होता. ते मी तेव्हा म्हणालो नाही.

"घेऊन जा चाचा. दुसऱ्या कोणाले द्या."

"मी नाई नेत," चाचा म्हणाले. "मी ओझं वाहणारा माणूस, बाई. या घरचं काढतो, त्या घरी टाकतो. कोणाचं काय, ते मले नाई समजत. तुमाले परत कराचं असन तं ज्यानं यादी लिवली त्याले करा. नाई तं वरच्याले करा. मले अजून अकरा घरं हायेत."

ते गेले. पिशवी दारातच राहिली. अर्धा तास कोणी ती उचलली नाही. मावशी भिंतीवरून पाहत होत्या.

मग अम्मी दारात बसली, सूप घेतलं आणि पिशवी त्यात ओतली. तांदूळ एका जातीचा नव्हता. बारीक होता, जाड होता, राशनचा होता, उकडा होता, कणी होती. काही नवा पांढरा, काही पिवळसर जुना. वेगवेगळ्या घरांच्या मुठी एकत्र झालेल्या होत्या. अम्मीने तो बोटांनी पसरवला. खडे वेचले. पाखडला. कितीतरी वेळ ती त्यात बोटं फिरवत राहिली.

नंतर तिने मला फळीवरचा डबा आणायला सांगितला. मी आणला. तिने सुपातली एक मूठ उचलून डब्यात टाकली आणि झाकण लावलं.

उरलेल्यातला मापभर तांदूळ तिने धुतला आणि चुलीवर चढवला. भात नीट झाला नाही. बारीक दाणे फुटून गाळ झाले, उकड्याचे कच्चे राहिले. अम्मीने तीन ताटं केली. दुपारी दीड वाजता ती आमच्यासोबत जेवायला बसली.