कुमुदिनीचं इंजिन आणि दोन तांबे पाणी

कुमुदिनी रणपिसेच्या पर्समध्ये लिपस्टिकच्या शेजारी दहा नंबरचा पाना असतो. तो कशाला, असं मी तिला एकदाच विचारलं. "अगं, लागतो," एवढंच ती म्हणाली, आणि दुसऱ्याच दिवशी त्याच पान्याने तिने माझ्या सायकलचं डुगडुगणारं सीट घट्ट करून दिलं. मी तिची शेजारीण. इथे परदेशात, लायडन शहरात, सात वर्षं आमची भिंतीला भिंत आहे. मी रोज ट्रेनने स्लोटरडाइकला जाऊन दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते, त्यामुळे माझा स्वभाव खवचट झालाय असं माझ्या नवऱ्याचं मत आहे. खरं तर नोकरीच्या आधीपासूनच माझा स्वभाव तसा आहे.

कुमुदिनी इथल्याच सायन्स पार्कमध्ये एका लॅबमध्ये काम करते. तिथे म्हणे तिच्या हातून एक थेंब इकडचा तिकडे होत नाही. नव्या मुलांना मोजमाप शिकवायला तिलाच पुढे करतात. पण तीच बाई घरी आली की सगळं मोजमाप बुटांबरोबर दाराबाहेर काढून ठेवते. मीठ अंदाजाने, भाताचं पाणी अंदाजाने, "पाच मिनिटांत आले"सुद्धा अंदाजाने. तिचा नवरा प्रताप आठवड्यातले चार दिवस कामासाठी दूर ब्रेडाला असतो, आणि मला वाटतं तोही अंदाजानेच परत येतो.

आमच्या समोर विम राहतो. वय एकोणऐंशी. खिडकीला पडदा नाही. पडदे इथे फारसं कुणी लावत नाही, पण विमची खुर्ची त्या खिडकीत अशी मांडलेली आहे की गल्लीत मांजर शिंकलं तरी त्याला दिसावं. आयुष्यभर त्याने बोटींची इंजिनं दुरुस्त केली. त्याची स्वतःची, इथल्या कालव्यांत फिरवायची सहा मीटरची जुनी बोट आहे, पोटात डिझेल इंजिन असलेली. तीन उन्हाळे कुमुदिनी हात काळे करत त्याच्या मागे मागे फिरली आणि ते इंजिन शिकली. आम्हा दोघींत बोलताना ती त्याला विमकाका म्हणते. त्याच्या तोंडावर मात्र नुसतं विम, कारण काका म्हटलं की त्याला म्हातारं झाल्यासारखं वाटतं.

गेल्या सप्टेंबरात विमच्या गुडघ्यांनी संप पुकारला. त्याला बोटीत उतरता येईना. पुतण्या टपलेलाच होता. त्याला ते इंजिन भंगारात काढून विजेची मोटार बसवायची होती. हे ऐकून कुमुदिनीने जेवणच सोडलं. मी पाठवलेला डबा तसाच परत आला, त्यात माझ्या हातची भरली वांगी होती, म्हणजे प्रकरण गंभीरच होतं.

शेवटी विमने अट घातली. बोट तुझ्या अंगणात घेऊन जा. हिवाळ्यासाठी इंजिन तुझं तू तयार कर. एकदाच करायचं, नीट करायचं. माझी मदत नाही, सल्ला नाही. एप्रिलमध्ये इंजिन धड सुरू झालं तर बोट तुझी, नाहीतर पुतण्याची.

यात तयार काय करायचं असतं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. इंजिन तापू नये म्हणून त्याच्या आत पाणी खेळवतात. ते पाणी हिवाळ्यात आतच राहिलं तर गोठतं, फुगतं आणि ओतीव लोखंडाला तडा जातो. म्हणून ते हुसकावून त्याच्या जागी न गोठणारं गुलाबी अँटिफ्रीझ भरायचं.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी तिने सगळं अगदी रीतसर केलं. ट्रेलरवर उभ्या बोटीत इंजिन तापवलं, ते गरम असतानाच जुनं काळं तेल पंपाने उपसून नवं भरलं, डिझेलची टाकी काठोकाठ भरली. मी कुडकुडत उजेडासाठी बॅटरी धरून उभी होते. मग पाणी ओढणारी नळी तिने अँटिफ्रीझच्या बादलीत सोडली. बोटीच्या मागून गुलाबी धार आली की काम संपलं. पण बादलीचा तळ दिसायला लागला तरी धार आपली पांढरीच. इंजिन घटाघटा पीत होतं, आणि ते कोरडं पडलं तर आतलं पाणी ओढणारा रबरी पंखा जळतो.

अशा वेळी आपल्या माणसाचं काय होतं? ताटं मांडलेली आहेत, दारात चार पाहुणे जास्तीचे उभे आहेत आणि आमटी कमी आहे. कुणी विचार करत बसतं का? हात आपोआप पाण्याकडे जातो. कुमुदिनीचाही गेला. बागेच्या नळाखाली तांब्या भरलेलाच होता. एक तांब्या ओतला, भरून दुसरा ओतला. धार गुलाबी आली, जराशी फिकी, आणि आम्ही दोघींनी टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा! चुका शोधण्याचा पगार घेणारी मी!

त्या धारेतलं थोडं तिने जॅमच्या बरणीत भरून शेडमध्ये ठेवलं. नमुना जपून ठेवायचा, ही लॅबची सवय तेवढी कशी कोण जाणे घरी आली होती.

संक्रांतीनंतरच्या शुक्रवारी सकाळी तिचा फोन आला. "मंजूषा, शेडमध्ये ये." आवाज असा की मी गाऊनवरच कोट चढवून धावले. रात्री पारा उणे चारवर गेला होता. बरणीत बर्फाच्या गोळ्यासारखा गुलाबी चुरा झाला होता.

"अजून मऊ आहे," ती बरणी हलवत म्हणाली. "म्हणजे इंजिन वाचलं असेल. पण उद्या रात्री उणे नऊ सांगितलंय. दोन तांबे गं, मंजूषा. दोन तांबे पाणी घातलं मी!" आणि ती रडायला लागली. सात वर्षांत मी तिला पहिल्यांदा रडताना पाहिलं. मला तिचा भयंकर राग आला, कारण मग मलाही रडू यायला लागलं.

"पुन्हा भरून टाक," मी म्हणाले.

"त्यांच्या खिडकीसमोर? एकदाच आणि नीट म्हणाले होते ते. पुन्हा करताना दिसले की बोट गेलीच समज."

शनिवारी दुपारी तिच्याकडे हळदीकुंकू ठरलेलंच होतं. अकरा जणी येणार होत्या. "आपण ते अंगणात घेऊ," मी म्हणाले. ही कल्पना माझी होती, हे मी इथे लिहून ठेवते, कारण नंतर ती सगळीकडे स्वतःची म्हणून सांगत फिरली.

शनिवारी सकाळी बोटींच्या सामानाच्या दुकानात तिला अँटिफ्रीझचे शेवटचे दोन कॅन मिळाले. तीन वाजता बायका आल्या. काळ्या साड्या, आत थर्मल, पायात बर्फातले बूट. आमच्यात वडीलधाऱ्या सरलाताई. त्यांनी अंगणात पाऊल टाकताच विचारलं, "का गं, घरातला हीटर बिघडलाय का?" मी एका दमात सगळं सांगितलं. कट आहे म्हटल्यावर एकीलाही थंडी वाजेना. पाच जणी कुंपणाला लागून उभ्या राहिल्या, विमच्या खिडकीकडे पाठ करून, आणि पदर पसरून पसरून फोटो काढायला लागल्या. त्या काळ्या भिंतीमागे काय चाललंय ते ब्रह्मदेवालाही दिसलं नसतं.

कुमुदिनी पदर खोचून बोटीत उतरली. हिवाळ्यासाठी काढून ठेवलेला रबरी पंखा तिने परत बसवला आणि ते पाणचट मिश्रण खालच्या तोटीतून टबात सोडून दिलं. आता अँटिफ्रीझ आतपर्यंत पोचायचं तर आधी इंजिन तापायला हवं, आणि तोवर त्याला पाणी पाजायला हवं. बागेचा नळ हिवाळ्यात बंद असतो. म्हणून उरलेल्या सहा जणींनी स्वयंपाकघरापासून बोटीपर्यंत रांग लावली. टोप, पातेली, कुकर, जे हाताला लागेल त्यातून कोमट पाणी या हातातून त्या हातात जायला लागलं.

राहिला इंजिनाचा आवाज. तो दाबायला उखाणे ठरले, तेही ठणाणा ओरडून. सुरुवात घरच्या यजमानिणीची. बोटीच्या पोटातून कुमुदिनी गरजली, "डिझेलची धडधड, बादलीत पाणी, प्रतापरावांचं नाव घेते कालव्याची राणी!" आणि तिने किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, थांबलं, पुन्हा खोकलं आणि धडधडायला लागलं. बायकांनी असा काही गलका केला की इंजिनालाच लाज वाटावी.

इंजिन तापलं. कुमुदिनीने बादलीत पहिला कॅन ओतला, मग दुसरा. मी मागे टब धरून धारेकडे डोळे लावून बसले होते. पांढरी. पांढरीच. बादलीचा तळ दिसायला लागला.

"कमी पडतंय वाटतं," सरलाताई म्हणाल्या, आणि हातातलं पातेलं बादलीकडे नेत मायेने विचारलं, "घालू का थोडं?"

"नाही!" आम्ही सगळ्या एकदम किंचाळलो. कुंपणाजवळच्या पाचही जणी बोटीकडे धावल्या, भिंत फुटली, आणि फाटकात विम उभा दिसला. हातात चाकांचा वॉकर, आणि वॉकरच्या सीटवर अँटिफ्रीझचा भरलेला कॅन.

माझं धाबं दणाणलं. कुमुदिनी बोटीत नुसती गोठून उभी.

"ओत आधी," विम म्हणाला. "पंखा जळेल."

मी धावत जाऊन कॅन आणला, तिने ओतला. अर्ध्या मिनिटात मागून धार आली, दाट गुलाबी. कुमुदिनीने इंजिन बंद केलं.

"नोव्हेंबरात तू पाणी घातलंस तेव्हा मी खिडकीत होतो," विम म्हणाला. "त्याच आठवड्यात हा कॅन आणून ठेवला."

मला राहवेना. "आणि दोन महिने गप्प बसलात? ती इथे रडून रडून अर्धी झाली!"

"अट माझीच होती ना," विम ओशाळून म्हणाला. "आज रात्री चोरून येऊन ओतणार होतो."

"या गुडघ्यांनी?"

"म्हणून तर दुपारीच निघालो."

बायका हसल्या, पण कुमुदिनी हसली नाही. ती बोटीतून उतरली, साडीला तेल, गालाला तेल, आणि विमसमोर जाऊन तिने किल्ली पुढे केली. "एकदाच आणि नीट म्हणाला होतात. दोन्ही झालं नाही. पुतण्याला सांगा, बोट घेऊन जा म्हणावं."

विमने किल्ली घेतली नाही. "काल रात्री काय करत होतीस?" त्याने विचारलं.

"काल? इंजिनावर गोधडी घातली होती. आत गरम पाण्याच्या पिशव्या ठेवत होते. तीनदा उठून बदलल्या."

"चारदा," विम म्हणाला. "मी मोजलं."

त्याने तिची मूठ किल्लीवर मिटली. "एकतीस वर्षं, गोठणारी प्रत्येक रात्र मी या इंजिनासाठी जागून काढली आहे. माझा पुतण्या अशा रात्री घोरतो. एप्रिलपर्यंत थांबायला नको, बोट तुझी. आता तू जागत जा. मी झोपतो."

सरलाताईंनी त्याच्या हातावर तिळगूळ ठेवला. तो खात खात, वॉकर ढकलत विम घरी गेला.

त्या रात्री खरंच उणे नऊ झालं. विमच्या खिडकीतला दिवा साडेनऊलाच मालवला. कुमुदिनी एकला, तीनला आणि पाचला अंगणात येऊन इंजिनाला हात लावून गेली. वेळा अगदी बरोबर आहेत, कारण आता मोजणं माझ्याकडे आलंय.